यजमान

पेरू मीच नेले होते, हे आधीच कबूल केलेले बरे.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या विभागात एक बैठक होती. परगावाहून दोन प्राध्यापक आले होते, आणि चहाबरोबर नेहमीची बिस्किटे ठेवण्याऐवजी घरचे पेरू ठेवावेत अशी बुद्धी मला झाली. नुसते पेरू ठेवून मी गप्प बसले असते तरी निभावले असते. पण मराठीच्या प्राध्यापिकेला प्रस्तावनेवाचून काही करता येत नाही. "आमच्या सासऱ्यांच्या हातचं झाड आहे हो. अस्सल पुण्याचा वाण, सरदार!" असे म्हणत मी मीठ-तिखटाची पुडीसुद्धा उघडली. पाहुण्यांपैकी जे वडीलधारे होते त्यांनी फोड उचलली, तोंडापर्यंत नेली, चष्मा कपाळावर सरकवला आणि एक अक्षर न बोलता ती फोड बशीत परत ठेवली. फोडीत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. त्यांतल्या एकीने अंगाची कमान केली, टुणकन उडी मारली, आणि ती थेट इतिवृत्ताच्या वहीवर येऊन पडली.

पाहुणे सज्जन होते. "पावसाळ्यात लागते हो कीड," असे म्हणून त्यांनी विषय बदलला. त्या सज्जनपणानेच मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

संध्याकाळी घरी आल्याबरोबर मी जाहीर केले, "ते झाड आता काढून टाकायचं." आमचे यजमान मोबाइलमधून डोके वर न काढता "बरं" म्हणाले. आमच्या घरात मोठे निर्णय असेच होतात. सासूबाई पोळ्या लाटीत होत्या. लाटणे क्षणभर थांबले आणि पुन्हा फिरू लागले. त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला वाद तरी घालता आला असता.

ते झाड नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, १९९१ साली हे घर बांधले तेव्हा लावलेले. नाना पाटबंधारे खात्यात कारकून होते. पण गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्राचा त्यांना असा अभिमान, की जणू ते केंद्र त्यांच्या चुलत्यांनीच काढले होते. 'सरदार' पेरू तिथेच १९२७ साली डॉ. चीमांनी निवडून काढला, त्याचे दप्तरी नाव 'लखनौ-४९' असले तरी जन्म पुण्यातला, ही कथा ते प्रत्येक पाहुण्याला पहिली फोड देताना सांगत. माझ्या प्रस्तावनेचे मूळ तिथेच आहे. फरक इतकाच, की नानांच्या पेरूत कधी अळी निघाल्याचे कोणाला आठवत नाही.

२००४ साली मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा नानांचा एक नेम पाहून मला हसू येई. पावसाळ्याचे दिवस असले की सकाळी आंघोळीआधी ते बादली घेऊन झाडाखाली जात. रात्री पडलेला एकूण एक पेरू, अर्धा कुजलेला, पोपटाने टोचलेला, वरून अगदी चांगला दिसणारा, सगळे बादलीत. मग घरामागे हातभर खोल खड्ड्यात ते टाकायचे आणि वर माती दाबायची. घरात या कार्यक्रमाला 'नानांची अंत्ययात्रा' म्हणत. मी एकदा त्यांना विचारलेही होते, "नाना, पुरता कशाला? गाईला तरी घालावेत." ते म्हणाले, "अगं, आपल्या झाडाचं आपल्या अंगणात निस्तरावं." नाना कारण सांगणाऱ्यांतले नव्हते, आणि आम्ही विचारणाऱ्यांतले नव्हतो.

२०२० च्या जानेवारीत नाना गेले. त्या वर्षीच्या पावसाळ्यात सगळे जग घरात बसले होते, तसे आम्हीही बसलो होतो. मी ज्या खिडकीशी बसून संगणकासमोर मुलांना संतवाङ्मय शिकवी, तिच्यातून ते झाड समोर दिसे. पेरू पडत. पडल्याचा आवाज तासाच्या मध्येच येई. आम्ही चार माणसे दिवसभर घरात होतो. पण बादली कोणी उचलली नाही. आज वाटते, सासूबाईंनी उचलली नाही याचे कारण निराळे असेल. माझ्याजवळ मात्र तसले काही कारण नव्हते. मला वाटले, पेरू कुजतील आणि त्याचेच खत होईल.

बैठकीनंतर दोन दिवसांनी आमच्या प्राणिशास्त्राच्या बाई मला जिन्यात भेटल्या. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होतीच. महाविद्यालयात बातमीला पंख असतात, या बातमीला तर खरेखुरेच होते. त्यांनी सांत्वन वगैरे केले नाही. एवढेच विचारले, "खाली पडलेले पेरू उचलता ना हो तुम्ही?"

मी म्हटले, "आमचे सासरे उचलायचे."

"मग बरोबर," त्या म्हणाल्या.

पुढचा अर्धा तास मी त्यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थिनी होऊन बसले. तेव्हा कळले ते असे. केळी जास्त पिकली की ज्यांचा थवा जमतो ती आपली चिलटे. ती आधीच सडू लागलेल्या फळावर येतात. फळमाशी ही बाई वेगळी. घरमाशीएवढीच, पण सडपातळ, कमरेत बारीक, तपकिरी अंगावर पिवळे पट्टे. दूरून पाहणाऱ्याला गांधीलमाशीच वाटावी. मादीच्या शेपटाशी सुईसारखी नळी असते. ती चांगल्या, भरत आलेल्या फळाच्या सालीला टोचते आणि आत अंडी घालते. वरून दिसतो तो एक ठिपका. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात, आठवडाभर अळ्या गर खातात, तोवर फळ गळून पडते, आणि अळ्या उड्या मारीत बाहेर येऊन मातीत बोट-दोन बोटे खोल जाऊन कोश करतात. दहा-बारा दिवसांनी कोशातून नवी माशी निघते आणि वर पाहते, तो तिच्या डोक्यावर तेच झाड! म्हणजे पडलेला पेरू जिथल्या तिथे राहू देणे हे माशीचे बाळंतपण आपल्या अंगणात करण्यासारखे आहे. मी खत समजत होते ती सूतिकागृहे होती.

बाई बोलता बोलता म्हणाल्या, "हिला यजमान वनस्पती पुष्कळ. तीनशेच्या वर." मी चमकून पाहिले. ज्या झाडावर कीड पोसते त्याला शास्त्रीय मराठीत 'यजमान' म्हणतात, हे मला ठाऊक नव्हते. हा शब्द आपल्या भाषेने किती सोसला आहे पाहा! मुळात यज्ञ करणारा तो यजमान; पुढे भटजींना दक्षिणा देणारा; मग पाहुण्यांचे आदरातिथ्य करणारा; मग बायकोने नाव न घेता ज्याचा उल्लेख करायचा तो. आणि आता ज्याच्या अंगात अळ्या पडतात तो. पाचही अर्थांत एक गोष्ट समान आहे: खर्च यजमानाचा.

त्यातून पेरू हा यजमान मुळात पाहुणा. तो अमेरिकेतला, पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आला. त्याचे मराठी नाव काही जण पोर्तुगीज भाषेतल्या नासपतीच्या नावाशी जोडतात, काही जण पेरू देशाशी. माशी मात्र इथली, आशियातली. आंबा हे तिचे घरचे अन्न. मे महिन्यात आंबा, पावसाळ्यात पेरू, अधेमधे जाम, काजूचे बोंड, देशी बदाम. वर्षभर तिचे पान कुठे ना कुठे मांडलेले असते. कारली, दोडके, काकड्या यांना लागते ती हिची बहीण, वेगळ्या जातीची. २०१४ च्या १ मे रोजी युरोपीय संघाने आपला आंबा आणि त्याबरोबर कारली, पडवळ, वांगी व अळू यांना दार बंद केले, ते फळमाशी आणि अशाच इतर किडी सापडल्यामुळे. आंब्यावरची बंदी पुढच्या वर्षी उठली. तेव्हा वर्तमानपत्रात ती बातमी वाचून मी साहेबाला नावे ठेवली होती. आता त्या वडीलधाऱ्या पाहुण्यांचा चेहरा आठवला आणि साहेबाची बाजू थोडी कळली.

"मग फवारा मारू का?" मी विचारले.

"फवाऱ्याने माशी मरेल, आणि तिचे शत्रूही मरतील. माशी शेजारच्या झाडावरून आठवड्यात परत येईल. शत्रू इतक्या लवकर येत नाहीत."

शत्रू कोण, तर मुंगीएवढी एक गांधीलमाशी. तिचा उद्योग ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला. ती पेरूवर येऊन बसते आणि आतल्या अळीची वळवळ बाहेरून ओळखते. मग आपली लांब नळी सालीतून आत घालून थेट त्या अळीच्या अंगात अंडे घालते. तिच्या दुसऱ्या एका भावंडाची तऱ्हा याहून पुढची. ती माशीने अंडी घातली रे घातली, की त्या अंड्यातच आपले अंडे ठेवून मोकळी होते. अळी लगेच मरत नाही. ती खाते, वाढते, मातीत जाऊन कोशसुद्धा करते. पण कोशातून माशी निघत नाही. निघते ती गांधीलमाशी, माशीला आतून संपवून. आपल्या कोशांत अशा जिवांनाही परोपजीवीच म्हणतात, आणि मला हे काही पटत नाही. परोपजीवी म्हणजे बांडगूळ, उवा, आणि क्वचित पाहुणे. ते यजमानाला पिळतात, मारीत नाहीत. मारून त्यांचे चालणार कसे? ही तर यजमानाचा पुरता निकाल लावते. हिला मराठीत वेगळा शब्द हवा. मी तेव्हापासून शोधते आहे, अजून सापडलेला नाही.

या चिमुकलीने समुद्रही ओलांडले आहेत. कारल्यावरची आपली माशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांत पोचली आणि तिथे तिने भाजीपाल्याचा धुव्वा उडवला. तिच्या मागावर फुलावे नावाचा कीटकशास्त्रज्ञ हिंदुस्थानात आला आणि १९१६ साली इथली गांधीलमाशी तिकडे घेऊन गेला. बिहारमधल्या पुसा येथील संस्थेत तेव्हा फ्लेचर हे सरकारी कीटकशास्त्रज्ञ होते. त्या गांधीलमाशीच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आहे. पुढे १९४५ च्या सुमारास आपली पेरू-आंब्याची माशीही हवाईला पोचली, आणि तिच्यासाठी १९४७ पासून आशियातून पुन्हा गांधीलमाश्या न्याव्या लागल्या. त्यांतली अंड्यात अंडे घालणारी तिथे इतकी रुळली, की तिकडच्या रानपेरूंतल्या निम्म्याहून अधिक माश्या तिच्या पोटी जाऊ लागल्या. जिथे माहेर त्या आमच्या अंगणात तिचा पत्ता काय, असे मी विचारले, तेव्हा बाई म्हणाल्या, "बघितलंत कुठे तुम्ही अजून?"

त्यांनी सांगितले तसे आम्ही केले. चिरंजीवांनी, वय वर्षे तेरा, लोणच्याच्या एका मोठ्या बरणीत ओलसर वाळू घातली, वर अळ्या पडलेले चार पेरू ठेवले आणि तोंडाला मलमलीचा तुकडा बांधला. बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत. सासूबाईंच्या राज्यात अळ्यांची बरणी ठेवण्यापूर्वी मी परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, "लोणच्याची बरणी गेली ती गेली. ठेवा."

दहा दिवसांनी माश्या निघू लागल्या. कोश गव्हाच्या दाण्यासारखे, तांबूस. माशी कपाळावर एक पिशवी फुग्यासारखी फुगवते आणि कोशाचे टोपण उडवून बाहेर येते, हे आम्ही तिघांनी भिंगातून पाहिले. चिरंजीवांनी मोजल्या: एकतीस. मग त्यांचा उत्साह मावळला, गणिताची चाचणी आली, आणि बरणी तशीच राहिली. मी ती धुवायला काढणार होते. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे अजून." का, ते त्यांनी सांगितले नाही. नानांच्या सहवासाचा परिणाम असावा.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "अगं, ही बघ, ही वेगळी आहे."

मलमलीच्या खाली एक तांबडसर, बारीक कमरेचा जीव भरभर चालत होता. मिशा सारख्या थरथरत होत्या आणि मागे दोऱ्यासारखी नळी, अंगाहून लांब. दुपारपर्यंत आणखी तीन निघाल्या. बाईंनी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितले, की हीच ती मंडळी. एकतीसला चार. तीन पावसाळे पडलेले पेरू न उचलता, शिवाय शेजाऱ्यांच्या बागेतला फवारा सोसून, तरी चार.

सासूबाईंना मी सगळी हकीकत सांगितली. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "दुसरीच्या लेकराच्या पोटात आपलं लेकरू ठेवायचं. काय म्हणावं या बाईला!" आणि थोड्या वेळाने, "म्हणजे नाना पुरत होते, त्यात ह्याही पुरल्या जात होत्या?"

मी गोंधळले. खरे म्हणजे ते तसेच होते. खोल पुरले की माशी मरते, आणि तिच्या पोटातली गांधीलमाशीही मरते. मी म्हटले, "हो. पण माशी तर जात होती ना. त्यांचं निम्मं बरोबर होतं, आई."

"निम्मं!" त्या म्हणाल्या. "हे त्यांच्यासमोर म्हणायला हवं होतंस." आणि नाना गेल्यानंतर पेरूच्या विषयावर त्या पहिल्यांदा हसल्या.

उरलेल्या निम्म्याचा उपायही हवाईतलाच. या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या शास्त्रज्ञांनी तंबू काढला आहे. पडलेली फळे त्यात टाकायची. तंबूला जाळी अशी, की अंगाने भरलेली माशी आत अडकावी आणि बारीक गांधीलमाशी बाहेर निसटावी. आम्ही पाण्याचे जुने पिंप घेतले आणि त्यावर जुनी मच्छरदाणी ताणून बांधली. पहिला प्रयोग फसला. मच्छरदाणीला एका बाजूने भोक होते, शिवाय नुकती निघालेली माशी अंगाने मऊ असते, ती आक्रसून फटीतून बाहेर येते. एका रविवारी सकाळी स्वयंपाकघरात साठ-सत्तर माश्या आणि यजमानांची शिकरण एकाच वेळी हजर होती. त्या दिवशी ते मोबाइल खाली ठेवून प्रथमच या विषयावर बोलले. काय बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नाही. पुढच्या आठवड्यात मात्र त्यांनीच नवी, दाट जाळी आणून पिंपाला पक्की बसवून दिली.

बाईंनी नरांना भुलवणारा एक सापळाही दिला. त्यातल्या अर्काचे नाव मिथिल युजेनॉल. त्याची कथा पुन्हा पुसाची. मच्छरांसाठी रुमालाला गवती तेल लावणाऱ्या एका शेजाऱ्याभोवती माश्या गोळा होऊ लागल्या, ते ऐकून हाउलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने शोध घेतला, तो सगळे नर! १९१२ मध्ये त्याने हे छापले आणि १९१५ मध्ये नेमके हे द्रव्य शोधून काढले. ते आपल्या तुळशीतही असते. हे कळताच चिरंजीव वृंदावनातली पाने चुरगाळून वाटीत ठेवून बसले. पाच मिनिटांत दोन माश्या वाटीवर. सासूबाईंनी वाटी उचलली. "सापळा आहे ना तुमचा? मग तुळशीला यात ओढायचं नाही." यावर कोणी युक्तिवाद केला नाही.

यंदाच्या जूनपासून बादली मी उचलते. सकाळी सहा वाजता, आंघोळीआधी. पिंप, जाळी, सापळा, आणि वर झाडावरच्या शंभरएक पेरूंना वर्तमानपत्राच्या पिशव्या. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून पाहतात. कीड गेली असे नाही. पिशवीबाहेरचे बरेच पेरू यंदाही किडलेच. खरा चांगला बहार पावसाळ्यातला नव्हेच, तो थंडीतला. जाणते बागाइतदार पावसाळी बहार धरतच नाहीत, हेही मला आताच कळले. पण ऑगस्टअखेर एका संध्याकाळी पिंपाच्या जाळीवर मी ती पाहिली. आतून वर आली, जाळीच्या एका घरातून आधी मिशा बाहेर काढल्या, मग अंग, मग ती लांब नळी ओढून घेतली, आणि क्षणभर थांबून पेरूच्या झाडाकडे उडाली.

सप्टेंबरात एका सकाळी सासूबाईंनी माझ्या पिशवीशेजारी आठ पेरू आणून ठेवले. पिशव्यांतले, पिवळसर, घमघमणारे.

"कॉलेजात ने."

"आई, नको."

"चिरून ने."

मी तिथेच उभ्याने एकेक पेरू चिरला, फोडी उजेडात धरून पाहिल्या आणि डब्यात भरल्या. झाकण लावायला गेले तर मीठ-तिखटाची पुडी त्यांनी आधीच झाकणाशी ठेवलेली होती.